वैमानिकाच्या मांडीवरचा टॅबलेट : निवड करताना काय पाहावे?

सातारा-सांगलीच्या आकाशात छोटे विमान चालवणाऱ्यांसाठी टॅबलेट संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मात्र दुकानात उत्तम ठरणारे यंत्र कॉकपिटातही उत्तम ठरेल, याची खात्री नसते. ऊन, उष्णता, उपग्रह संदेश, नकाशांची मुदत आणि विजेची सोय या कसोट्यांवर टॅबलेटची निवड कशी करावी, याचा हा आढावा.

कऱ्हाडच्या धावपट्टीवरून झेपावलेले छोटे विमान थोड्याच वेळात कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाच्या परिसरात येते. पश्चिमेला सह्याद्रीची काळीनिळी रांग, आग्नेयेला उसाच्या फडांमधून वळणे घेत सांगलीकडे निघालेली कृष्णा, आणि खाली महामार्गाची सरळ रेघ. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला कऱ्हाडहून सांगलीवर पोहोचण्यास साधारण बावीस मिनिटे पुरतात. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. एवढ्या अवधीत वैमानिकाला आपले स्थान, उंची, दिशा, इंधन, हवामान आणि इतर विमाने या सर्वांचे भान ठेवावे लागते. पूर्वी हे काम मांडीवरचा कागदी नकाशा, पेन्सिल, मनगटी घड्याळ आणि वर्तुळाकार गणनपट्टी यांच्या आधारे होत असे. आता त्या मांडीवर टॅबलेट संगणक येऊन बसला आहे.

टॅबलेट घेण्यासाठी दुकानात गेलेला ग्राहक साठवणक्षमता किती, कॅमेरा कसा, प्रोसेसर कोणता, असे प्रश्न विचारतो. कॉकपिटात या प्रश्नांना दुय्यम स्थान आहे. तेथे पहिला प्रश्न एकच असतो : हे यंत्र आकाशात अचानक बंद पडले, तर काय होईल? निवडीचे सर्व निकष या एका प्रश्नातूनच निघतात.

कागदापासून पडद्यापर्यंत

वैमानिकांच्या नकाशांचा इतिहास एका वहीपासून सुरू होतो. अमेरिकेत टपालविमाने चालवणारे एल्रे जेपसेन आपल्या मार्गावरील धावपट्ट्यांची लांबी, आसपासच्या टेकड्यांची उंची, उतरण्यायोग्य शेते अशी माहिती एका साध्या वहीत टिपून ठेवत. सहकारी वैमानिकांकडून मागणी वाढल्यावर १९३४ मध्ये त्यांनी या टिपणांच्या प्रती दहा डॉलरला विकण्यास प्रारंभ केला. त्यातूनच पुढे जगभर वापरले जाणारे 'जेपसेन चार्ट' उभे राहिले.

त्यानंतरची अनेक दशके वैमानिक नकाशांनी भरलेली जड बॅग घेऊनच विमानात चढत. अॅपलचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये बाजारात आला आणि हे चित्र झपाट्याने बदलले. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने तेथील एका खासगी जेट सेवेला कागदी चार्टऐवजी आयपॅडवरील चार्ट वापरण्याची परवानगी दिली. त्याआधी विमानातील हवेचा दाब एकाएकी कमी झाल्यास यंत्र टिकते का, याचीही चाचणी घेण्यात आली होती. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या मुख्य ताफ्यातील वैमानिकांच्या सुमारे १६ किलो वजनाच्या बॅगा हद्दपार केल्या.

याच कंपनीने दोन वर्षांनी या बदलाची दुसरी बाजूही अनुभवली. एप्रिल २०१५ मध्ये वैमानिकांच्या आयपॅडवरील नकाशांचे अॅप बंद पडले आणि अनेक विमाने जमिनीवरच खोळंबली. वॉशिंग्टन येथील एका विमानतळाच्या चार्टची दुहेरी नोंद हे त्याचे कारण निघाले. यंत्रे धडधाकट होती, दोष माहितीत होता. सर्व वैमानिकांकडे एकच अॅप आणि एकच माहितीसाठा असल्याने बिघाडही सर्वांना एकाच वेळी गाठू शकला. मोठ्या कंपनीचे विमान अशा वेळी फाटकापाशी थांबू शकते. छोट्या विमानाचा एकटा वैमानिक तेव्हा हवेत असेल, तर त्याला थांबण्याची सोय नसते.

येथील आकाश वेगळे का?

कऱ्हाडची धावपट्टी १९५० च्या दशकात कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने तयार झाली. आज ती महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या अखत्यारीत आहे. येथून नियमित प्रवासी सेवा नाही. छोटी विमाने, हेलिकॉप्टर आणि निरनिराळ्या काळात चाललेले वैमानिक प्रशिक्षण हाच तिचा उपयोग राहिला आहे. दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर कोल्हापूरचा विमानतळ आहे. बारामतीला धावपट्टी व वैमानिक प्रशिक्षणाची परंपरा आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा असल्याने तेथे मनास येईल तेव्हा उतरता येत नाही.

सांगलीची स्थिती आणखी निराळी आहे. शहराजवळ कवलापूर येथे जुनी धावपट्टी आहे. पण ती अनेक वर्षे वापरात नाही. तेथे विमानतळ व्हावा, ही सांगलीकरांची जुनी मागणी आहे. उपग्रह छायाचित्रात मात्र ही जागा ओळखता येते. जुन्या माहितीसाठ्यावर चालणाऱ्या अॅपमध्ये 'जवळचा विमानतळ' ही कळ दाबली, तर अशी बंद पडलेली धावपट्टीही यादीत दिसू शकते. इंजिन खडखडू लागलेल्या वैमानिकाने त्या नावावर विसंबून विमान वळवले, तर खाली त्याला काय मिळेल, हे पडदा सांगत नाही.

पश्चिमेकडे संकट वेगळे आहे. कऱ्हाड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, तर महाबळेश्वरचा माथा चौदाशे मीटरच्या पुढे जातो. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि साताऱ्याजवळील चाळकेवाडी येथील हजार मीटरहून उंच पठारांवर पवनचक्क्यांची रांगच उभी आहे. पठाराची उंची आणि तिच्यावर पवनचक्कीची उंची, अशी बेरीज करूनच येथील सुरक्षित उंची ठरवावी लागते. पावसाळ्यात ढग याच पठारांना टेकतात. अशा वेळी नकाशावर दिसणारी उंची चुकीची असेल किंवा पडदाच काळा झाला, तर विचार करण्यास फारसा अवधी मिळत नाही. विमान मिनिटाला तीन किलोमीटर पुढे सरकत असते. टॅबलेट पुन्हा सुरू करण्यात दोन मिनिटे गेली, तर तेवढ्यात विमानाने सहा किलोमीटर अंतर कापलेले असते.

पहिली कसोटी : उष्णता

टॅबलेटच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या गुणांपेक्षा माहितीपत्रकातील बारीक अक्षरांतील एक ओळ वैमानिकाने आधी वाचावी. ती ओळ वापराच्या तापमानाची असते. अॅपलने आयपॅडसाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस अशी मर्यादा दिली आहे. एप्रिल-मेमध्ये सांगली, मिरज, कऱ्हाड भागात सावलीतले तापमानच या आकड्याच्या वर जाते. उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या काचबंद कॉकपिटात ते त्याहून कितीतरी अधिक असते.

मर्यादा ओलांडली म्हणजे यंत्र जळून जाते असे नाही. ते स्वतःचा बचाव करू लागते. प्रथम पडद्याचा उजेड आपोआप मंदावतो, मग चार्जिंग थांबते आणि अखेरीस तापमानाचा इशारा देऊन यंत्र काम बंद करते. विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे राहून परवानगीची वाट पाहत असते, तेव्हाच हा प्रसंग येण्याचा संभव अधिक. वर गेल्यावर हवा थंड होते. परंतु काचेतून येणारे थेट ऊन कायम राहते.

यावर उपाय साधे आहेत. विमान उभे असताना टॅबलेट आत ठेवू नये. त्यावर जाड, बंदिस्त आवरण घालू नये. पाठीला हवा लागू द्यावी. विमानातील हवेच्या झोताजवळ त्याची जागा ठरवावी. नको असलेली अॅप बंद ठेवावीत. बॅटरी भरपूर असेल, तर उन्हात चार्जिंग करू नये, कारण चार्जिंगमुळेही यंत्र तापते. ज्यांना उन्हाळ्यात नियमित उड्डाण करावयाचे आहे, त्यांनी खडतर वापरासाठी बनवलेल्या यंत्रांचाही विचार करावा. सॅमसंगच्या 'टॅब अॅक्टिव्ह' मालिकेतील टॅबलेटची बॅटरी काढून बदलता येते. हा गुण अलीकडच्या यंत्रांत दुर्मीळ झाला आहे. अर्थात, अशा यंत्राच्या तापमानाची मर्यादाही माहितीपत्रकात पाहूनच घ्यावी.

दुसरी कसोटी : ऊन आणि पडदा

घरात लखलखीत दिसणारा पडदा भर दुपारी कॉकपिटात आरशासारखा होतो. त्यात नकाशाऐवजी वैमानिकाचा चेहरा आणि पांढरा शर्टच दिसतो. पडद्याचा कमाल उजेड 'निट' या एककात मोजतात. हा आकडा जितका मोठा तितके उन्हात वाचणे सुकर. चकाकी कमी करणारा खरखरीत पातळ पापुद्रा पडद्यावर चिकटवल्यास बराच फरक पडतो, मात्र अक्षरांची धार किंचित कमी होते.

गॉगलचाही येथे संबंध येतो. पोलराइज्ड काचांचा गॉगल घालून काही पडद्यांकडे ठरावीक कोनातून पाहिले असता पडदा काळा दिसतो. यंत्र उभे धरल्यावर स्पष्ट आणि आडवे धरल्यावर अंधुक, असाही अनुभव येऊ शकतो. म्हणून टॅबलेट पसंत करताना आपला नेहमीचा गॉगल डोळ्यांवर चढवून, दुकानाबाहेर उन्हात यावे आणि यंत्र दोन्ही दिशांनी फिरवून पाहावे. पाच मिनिटांच्या या परीक्षेने पुढचा मनस्ताप टळतो.

तिसरी कसोटी : स्वतःचे स्थान ओळखणे

टॅबलेट खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती येथे. आयपॅडच्या केवळ वाय-फायवर चालणाऱ्या प्रकारात उपग्रहांचे संदेश घेणारा जीपीएस ग्राहक नसतो. तो केवळ मोबाइल जाळ्यावरही चालणाऱ्या, म्हणजे सिमची सोय असलेल्या प्रकारातच असतो. वाय-फाय प्रकार शहरात आसपासच्या वाय-फाय जाळ्यांवरून स्थान दाखवतो. त्यामुळे घरी, दुकानात सारे ठीक वाटते. जमीन सोडल्यावर नकाशावरचा ठिपका जागीच थांबतो. काही हजार रुपये वाचवण्यासाठी घेतलेले यंत्र मग केवळ पुस्तक वाचण्याच्या कामाचे राहते.

सिम घालणे आवश्यक नाही, पण त्या प्रकारचे यंत्र असणे आवश्यक आहे. यंत्र 'एअरप्लेन मोड'वर असतानाही त्यातील जीपीएस चालू राहू शकतो. मोबाइल जाळे नसेल, तर पहिल्यांदा स्थान सापडण्यास वेळ लागतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीच मोकळ्या आकाशाखाली ठिपका धावपट्टीवर बरोबर उमटला आहे ना, याची खात्री करावी. ज्यांच्याजवळ वाय-फाय प्रकार आधीपासूनच आहे, त्यांच्यासाठी ब्लूटूथने जोडला जाणारा छोटा बाह्य जीपीएस ग्राहक हा पर्याय आहे.

परदेशातून उपकरणे मागवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकेत जमिनीवरील केंद्रांतून छोट्या विमानांसाठी मोफत हवामान माहिती प्रक्षेपित होते आणि ती घेणारे ग्राहक तेथे लोकप्रिय आहेत. भारतात ते प्रक्षेपण नाही. त्यामुळे केवळ हवामानासाठी असे उपकरण घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. दुसरी गोष्ट कायद्याची. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे परवानगीशिवाय बाळगणे भारतात गुन्हा ठरू शकतो. केवळ संदेश ग्रहण करणारा जीपीएस आणि संदेश पाठवणारे उपग्रह उपकरण यांतील फरक खरेदीपूर्वी समजून घेणे इष्ट.

जीपीएसवरही डोळे मिटून विश्वास टाकण्याचे दिवस राहिलेले नाहीत. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात देशात उपग्रह संदेशांत अडथळा किंवा फसवणूक झाल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले होते. त्यांतील बहुतेक घटना अमृतसर व जम्मू या सीमावर्ती भागातील होत्या. सातारा-सांगली त्या टापूपासून दूर असले, तरी ठिपका खोटे बोलू शकतो, हे त्यातून सिद्ध होते. ठिपका म्हणेल ते खिडकीतून दिसणारी नदी, रेल्वेमार्ग, साखर कारखान्याचे धुराडे आणि धरणाची भिंत यांच्याशी ताडून पाहण्याची सवय सुटता कामा नये.

चौथी कसोटी : नकाशे कोणाचे, किती ताजे?

यंत्रापूर्वी अॅप ठरवावे, हा या खरेदीतील मुख्य नियम. 'फोरफ्लाइट' हे अमेरिकेत गाजलेले अॅप अॅपलच्या आयपॅड व आयफोनवरच चालते. 'गार्मिन पायलट' आयपॅडवर तसेच अँड्रॉइडवर मिळते. 'स्कायडेमन'चा भर युरोपवर आहे. अमेरिकेतील वैमानिक ज्या सोयींची वाखाणणी करतात, त्यांतील कित्येक तेथील सरकारी मोफत नकाशांवर उभ्या आहेत. भारतासाठी तेच अॅप किती उपयोगी पडेल, हे वर्गणी भरण्याआधी पाहावे. चाचणीचा काळ मिळत असल्यास त्या अवधीत कऱ्हाड, कोल्हापूर, बारामती शोधून काढावे. धावपट्टीची लांबी व दिशा बरोबर आहे का? लोहगावभोवतालचे नियंत्रित आकाश दाखवले आहे का? कवलापूरबाबत काय लिहिले आहे? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच अॅपची लायकी कळते.

भारतातील अधिकृत वैमानिकी माहिती भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करते. तिच्यातील नियमित बदल जगभर ठरलेल्या २८ दिवसांच्या चक्रानुसार अमलात येतात. अधूनमधून उद्भवणाऱ्या तातडीच्या बदलांसाठी 'नोटॅम' म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना निघतात. प्राधिकरणाचे चार्ट टॅबलेटवर उतरवून ठेवता येतात. मात्र राज्य सरकारच्या किंवा खासगी छोट्या धावपट्ट्यांचा तपशील तेथे असेलच असे नाही. त्यासाठी धावपट्टी चालवणाऱ्या संस्थेकडे दूरध्वनी करून चौकशी करणे हाच विश्वासाचा मार्ग आहे. धावपट्टीवर दुरुस्ती सुरू आहे का, जनावरे शिरतात का, इंधन मिळेल का, या गोष्टी उपग्रहाला दिसत नाहीत.

सर्व नकाशे आदल्या रात्री यंत्रात उतरवून ठेवावेत आणि नंतर वाय-फाय व मोबाइल जाळे बंद करून ते उघडतात का, हे पाहावे. इंटरनेट असेपर्यंतच दिसणारा नकाशा कोयनेच्या जलाशयावर उपयोगी पडत नाही. उड्डाणाच्या दिवशी सकाळी अॅप किंवा यंत्राची प्रणाली अद्ययावत करण्याचा मोहही टाळावा. नव्या आवृत्तीत काय बिघडले आहे, हे शोधण्याची जागा कॉकपिट नव्हे.

आकार आणि जागा

मोठा पडदा वाचायला सोपा, पण दोन आसनी प्रशिक्षण विमानात मोठी वस्तू ठेवायला जागा नसते. मांडीवर ठेवलेला टॅबलेट नियंत्रक दांड्याला किंवा सुकाणूला अडता कामा नये. आठ इंचांच्या आसपासचा पडदा छोट्या विमानांत सोयीचा पडतो. आयपॅड मिनी याच गटात मोडतो. जेपसेनचे चार्ट छोट्या पानाचे असल्याने त्यावर जवळपास मूळ आकारात दिसतात. ए४ आकाराच्या पानावर छापण्यासाठी बनवलेले चार्ट मात्र बोटांनी मोठे करून पाहावे लागतात. चार आसनी विमानात दहा-अकरा इंची यंत्र सामावू शकते. निर्णय घेण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठा कापून, तो मांडीवर ठेवून, आपल्या नेहमीच्या विमानात बसून पाहावे. दांडा चारही दिशांना शेवटपर्यंत फिरतो का, हे पुठ्ठाच सांगतो आणि त्याला खर्च येत नाही.

टॅबलेट ठेवण्याच्या रीती मुख्यतः तीन : मांडीला पट्ट्याने बांधायचा 'नीबोर्ड', सुकाणूवर बसवायची चौकट आणि काचेला हवेच्या दाबाने चिकटणारी बैठक. चिकटणारी बैठक उष्णतेने सैल होऊन सुटू शकते. मांडीवरच्या यंत्रासाठी मान खाली घालावी लागते आणि नजर बाहेरून आत येते. सुकाणूवरील चौकट वजनदार असेल, तर सुकाणूच्या हालचालीवर परिणाम होतो. कोणतीही रीत निवडली, तरी यंत्र मोकळे राहता कामा नये.

मोकळी वस्तू काय करू शकते, याचे उदाहरण मोठ्या विमानातले आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचे 'व्हॉएजर' हे प्रवासी-इंधनवाहू विमान काळ्या समुद्रावरून जात असताना कॅप्टनचा कॅमेरा आसनाचा हात आणि नियंत्रक दांडा यांच्यात अडकला. आसन पुढे सरकताच दांडा ढकलला गेला आणि विमान काही सेकंदांत ४,४०० फूट खाली कोसळले. विमान सावरले, पण अनेक जण जखमी झाले. छोट्या विमानाजवळ एवढी उंची अनेकदा नसतेच.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. अनेक टॅबलेट व त्यांच्या आवरणांत लोहचुंबक असतात. यंत्र होकायंत्राजवळ बसवले, तर होकायंत्राची सुई भलतीकडे वळू शकते. विजेवरचे सर्व काही बंद पडल्यावर जे एक साधन उरते, त्यालाच असे बिघडवणे परवडणारे नाही. यंत्र जागेवर ठेवून व काढून होकायंत्रात फरक पडतो का, हे जमिनीवरच पाहावे.

विजेची बेगमी

बॅटरीबाबत कंपन्यांनी दिलेले तास घरगुती वापराचे असतात. कॉकपिटात पडदा पूर्ण उजेडावर आणि जीपीएस सतत चालू असतो, म्हणून ते तास बरेच घटतात. जुन्या यंत्राची बॅटरी तर आणखी लवकर संपते. नियोजित उड्डाणाच्या किमान दुप्पट वेळ पुरेल एवढी वीज असावी, असा साधा हिशेब ठेवता येतो.

विमानातील विजेच्या खोबणीत गाडीचा चार्जर लावताना सावध राहावे. काही छोट्या विमानांची विद्युत प्रणाली १४ व्होल्टची, तर काहींची २८ व्होल्टची असते. केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेला स्वस्त चार्जर २८ व्होल्टच्या विमानात तापून निकामी होऊ शकतो. निकृष्ट चार्जरमुळे रेडिओत खरखरही येते. पॉवर बँक जवळ ठेवायचीच असेल, तर ती हाताशी, दिसेल अशी आणि उन्हापासून दूर ठेवावी. लिथियम बॅटरी पेटल्यास ती विझवणे अवघड असते आणि छोट्या विमानात धुरापासून दूर जाण्यास जागा नसते.

नियम काय सांगतात?

व्यावसायिक विमानसेवांना टॅबलेटचा 'इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग' म्हणून वापर करावयाचा असल्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. यंत्रांची चाचणी, वैमानिकांचे प्रशिक्षण, बिघाडाच्या वेळची पर्यायी व्यवस्था हे सारे त्यात तपासले जाते. खासगी वैमानिकाने या यादीकडे जाचक अट म्हणून न पाहता आयता धडा म्हणून पाहिले, तर त्याचे कामच हलके होते. यंत्र हाताळणे आणि ते विमानात कायमचे बसवणे यांतही फरक आहे. कायमची चौकट किंवा वीजजोडणी हा विमानातील फेरबदल ठरतो आणि त्यासाठी रीतसर मंजुरी लागते. प्रशिक्षणार्थींनी आपल्या संस्थेच्या मुख्य प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय टॅबलेट विमानात नेऊ नये. विमानातून छायाचित्रणावरही निर्बंध असल्याने यंत्रातील कॅमेऱ्याचा मोह आवरावा.

कोणी काय घ्यावे?

भारतात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे आणि किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. या चाळीस तासांतील विद्यार्थ्याने टॅबलेट घेण्याची घाई करू नये. नकाशावर रेघ ओढणे, वाऱ्याचा हिशेब करणे, घड्याळावरून स्थान ओळखणे ही विद्या आधी अंगवळणी पडावी. अभ्यासाची पुस्तके वाचण्यासाठी कोणताही साधा टॅबलेट चालतो.

परवाना हाती असलेल्या आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या टप्प्यात स्वच्छ हवेत उड्डाण करणाऱ्यासाठी सिमची सोय असलेला आठ इंची टॅबलेट, चकाकीरोधक पापुद्रा आणि मांडीवरचा पट्टा एवढे पुरते. सर्वांत नवे यंत्रच हवे असे नाही. मात्र ते जुने घेतल्यास बॅटरी तपासावी आणि निवडलेले अॅप त्याच्या प्रणालीवर चालते का, हे पाहावे. वारंवार लांबचा प्रवास करणाऱ्याने मोठा पडदा व वेगळा बाह्य जीपीएस घ्यावा. कोणत्याही परिस्थितीत तेच अॅप व तेच नकाशे खिशातल्या मोबाइलमध्येही ठेवावेत. तरीही दोन्ही यंत्रे एकाच उष्णतेने आणि एकाच सदोष माहितीने बंद पडू शकतात, हे २०१५ च्या घटनेने दाखवून दिले आहे. म्हणून तिसरी जोड कागदाचीच हवी : घडी घातलेला नकाशा, त्यावर पेन्सिलीची रेघ, दर दहा मिनिटांच्या खुणा आणि पर्यायी धावपट्टीची दिशा.

खरेदीनंतर एक सराव प्रत्येकाने करावा. प्रशिक्षक शेजारी असताना, स्वच्छ हवेत, कऱ्हाडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर गेल्यावर टॅबलेट उलटा करून ठेवावा आणि कागद, घड्याळ व होकायंत्र यांच्या साह्याने धावपट्टीवर परतावे. हा सराव जमला, तर टॅबलेट हा उत्तम सोबती आहे. जमला नाही, तर नवे यंत्र घेण्याऐवजी तेच पैसे प्रशिक्षकासोबतच्या दोन तासांच्या उड्डाणावर खर्च करणे श्रेयस्कर.

एल्रे जेपसेन यांची वही आजही कालबाह्य झालेली नाही. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या कोठून सुरू होतात, दुपारी कोणत्या खिंडीतून वारा आदळतो, नवा मोबाइल मनोरा कोणत्या टेकडीवर उभा राहिला, कवलापूरच्या जुन्या पट्टीची आज काय अवस्था आहे, ही माहिती परदेशी अॅप वेळेवर देईल याची खात्री नाही. ती येथील वैमानिकांनीच टिपून एकमेकांना सांगायची आहे. टॅबलेटसोबत एक छोटी वही आणि पेन्सिलही घ्यावी. त्यांना चार्जिंग लागत नाही आणि मे महिन्याच्या उन्हातही त्या बंद पडत नाहीत.